विसाव्याचा दगड

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून बाकीच्यांपेक्षा जाड आहे. नव्वदीच्या सुरुवातीला मी बेलापूरला एका खाजगी सल्लागाराच्या ऑफिसात ट्रेसर होते. मूळ नकाशावर अर्धपारदर्शक कागद पसरायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची, हे माझं काम. चुकलेली रेघ रबराने जात नसे. ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन शाई खरवडायची आणि मग ती जागा अंगठ्याच्या नखाने घोटायची, म्हणजे कागद पुन्हा गुळगुळीत व्हायचा. खरवडण्यात माझा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. मी खरवडलेली जागा साहेबांना भिंग लावूनही सापडत नसे, आणि याचा मला गर्व होता. आता सांगताना लाज वाटते, पण होता.

त्या वर्षी आमच्याकडे एका मोठ्या रस्त्याचं काम आलं. एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला खाडी आणि दोघांच्या मधून जाणारा सरळसोट रस्ता. रस्त्यावर वळण नको, चढ नको, गाड्या सुसाट गेल्या पाहिजेत. मी सर्वेवाल्यांचा मूळ नकाशा उतरवून घेतला, तेव्हा त्यात तुटक रेघांचं जाळं होतं. गुरांच्या वाटा, मिठागराकडे जाणाऱ्या वाटा, कुठल्या कुठल्या. साहेबांनी शीट पाहिलं आणि म्हणाले, "फार गिचमिड झालीय. यातलं नको ते काढा. वरच्या ऑफिसात दाखवायचंय, शीट स्वच्छ हवं."

नको ते कोणतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं की आपल्याला येत नाही असं दिसतं, हा माझा तेव्हाचा खाक्या. मी ब्लेड घेतलं आणि दुपारभर बसून सगळ्या तुटक रेघा खरवडून काढल्या. एक रेघ गावातल्या देवळापासून निघून थेट खाडीपर्यंत गेली होती. तिच्या मधोमध एक छोटं वर्तुळ होतं आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दगड'. मी मनात म्हटलं, दगड काय, खोदताना निघेलच. वर्तुळ खरवडलं, अक्षरं खरवडली, नखाने घोटलं. साहेबांनी शीट उजेडावर धरून पाहिलं. "वा," म्हणाले. पुढे तीन दिवस मी त्या 'वा'वर जगले.

पण छापाच्या मशीनला फसवता येत नाही. आमच्याकडे अमोनियावर प्रिंट निघायची. मशीनजवळ गेलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या प्रिंटमध्ये जिथे कागद खरवडलेला असेल, तिथे फिकट जांभळा डाग उठायचा. कागद डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी उजेडाला कळायचं. देवळापासून खाडीपर्यंत तसा पुसट पट्टा उठला होता. दहा प्रिंटा काढल्या, दहाही प्रिंटांत तो होता. कोणाचं लक्ष गेलं नाही. माझं मात्र दर वेळी आधी तिथेच जायचं.

रस्ता दोन वर्षांत झाला. मधोमध गुडघ्याएवढा उंच डिव्हायडर आणि दोन्ही कडांना सोसायट्यांच्या दार-खिडकी नसलेल्या आंधळ्या भिंती. फुटपाथ होता, पण इतका उंच की म्हाताऱ्यांना त्यावर चढायला कोणाचा तरी खांदा लागायचा. सावली नावाला नाही. संध्याकाळी त्या फुटपाथवर एक माणूस दिसायचा नाही. नुसते ट्रक. वाशीच्या घाऊक बाजाराकडे जाणारे, तिकडून रिकामे परतणारे, सगळे चौखूर उधळलेले. मीच काढलेल्या रेघांवरून ते चालले आहेत, हे मला आधी आधी फार भारी वाटायचं.

आमचं घर गावाच्या पलीकडच्या सेक्टरात, तिसऱ्या मजल्यावर. आठवड्यातून तीनदा मासळी घेऊन मावशी यायची. गावातलीच होती ती. तिच्या घरची शेती शहरात गेली, मिठागर गेलं, उरली ती खाडीवरची मासळी. भल्या सकाळी खाडीच्या बंदराला जायचं, टोपली भरायची आणि गावातून पुढे आमच्या सेक्टरात. मी घाटावरची. लग्नाआधी मासा पाहिला तो शाळेच्या पुस्तकात. मावशी दारात पाय पसरून बसायची आणि माझी परीक्षा घ्यायची.

"तुना साधा बोंबील धुता नाय येत गो बाय, आन् नकाशे कशी काढतेस?"

"बोंबलाला स्केल लागत नाही मावशी, म्हणून जमत नाही."

"मंग स्केल घेऊन बस. बोंबील काय पलून नाय जात."

तिच्या बोलण्याला धार होती, पण हात फार मऊ. कोळंबी सोलून द्यायची, वर चार जास्तीची टाकायची आणि म्हणायची, ही तुझ्या शिकवणीची.

वाया गेलेल्या प्रिंटा आम्ही सगळ्या बायका घरी न्यायचो. जाड कागद, फळीवर अंथरायला उत्तम. माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्यांवर नवी मुंबई अंथरलेली होती. एका बुधवारी मावशी ओट्यापाशी उकिडवी बसून सुरमई कापत होती. मी खालच्या फळीवरचं पातेलं काढलं आणि तिची नजर त्या कागदावर गेली.

"यो कसला नकाशा?"

मी सांगितलं, हा आपला रस्ता, हे गाव, ही खाडी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण नकाशा तिने माझ्यापेक्षा लवकर वाचला. देऊळ कुठे, तळं कुठे, बंदर कुठे, सगळं बोटाने दाखवलं. मग ओलं बोट देवळावर टेकवलं आणि तसंच खाडीपर्यंत नेलं. ते बोट त्या फिकट जांभळ्या पट्ट्यावरून असं गेलं की तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही.

"ही आमची वाट," ती म्हणाली. "आन् हिथं मधे विसाव्याचा दगड. मयत नेताना हिथं खाली ठेवायचं, पुढचे खांदे मागं, मागचे पुढं, एक खडा ठेवायचा, मंग खारीवर मसनात. आमचे सासरे, आमचा मालक, सगले त्या दगडावर टेकून गेले. मी रोज टोपली टेकायची तिथं. आता दगड नाय, वाट नाय. रस्त्यामधली ती भिंत चढून येते मी, या वयात."

"सिग्नलपाशी रस्ता ओलांडता येतो ना मावशी."

"वल्ली टोपली घेऊन त्या टोकाला जाऊ, आन् त्या टोकावरून परत येऊ? बाय, मानूस भुकेला असला का वाकरं चालत नाय."

मग तिने कागदाकडे पाहत विचारलं, "कोनी पुसली?"

"सर्वेवाल्यांनी," मी म्हणाले. तोंडातून इतक्या पटकन निघालं की माझं मलाच नवल वाटलं. मावशी माझ्या हाताकडे पाहत राहिली आणि मग सुरमईकडे वळली. ती गेल्यावर मी तो कागद फळीवरून काढून टाकला. दुसरा अंथरला. तोही त्याच शीटचा निघाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मूळ नकाशा बाहेर काढला आणि एका चिठ्ठीएवढ्या ट्रेसिंगवर ती वाट पुन्हा उतरवली. डिव्हायडर कुठे तोडायचा तेही दाखवलं. अर्ध्या तासाचं काम. ती चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवायची, एवढंच राहिलं होतं. पण ठेवायची तर सांगावं लागणार की ही वाट मूळ नकाशात होती आणि मी न विचारता पुसली. माझी नोकरी पक्की व्हायला चार महिने होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी ती चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली. चार महिन्यांनी सांगू. वाट कुठे पळून जातेय, बोंबलासारखीच.

मावशी दर खेपेला विचारायची, "बाय, आमची वाट कवा काढतेस?" आणि मी सांगायची, वर बोललेय, होईल. ती मान हलवायची. मला वाटायचं, तिला पटलं.

मी चांगली झोपत होते असं नाही. गोधडीचा धावदोरा दिसला तरी मला ती तुटक रेघ दिसायची. रस्त्याने जाताना मी डिव्हायडरकडे बघायचं टाळायची. एका जागी त्याची कड झिजून काळी झाली होती. तिथे पाय टेकून, टोपल्या टेकून बायका चढत होत्या. मी नकाशावरून वाट पुसली होती, तरी ती सिमेंटवर पुन्हा उमटत होती. शीटच्या मोजमापात ती जागा कुठे येते, हे मला पावलंसुद्धा न मोजता कळायचं.

तीन महिने झाले होते. एका शुक्रवारी मावशी आली नाही. दहाच्या सुमारास खालचा वॉचमन वर आला. म्हणाला, "ताई, तुमची मासळीवाली. डंपरने उडवली. जागच्या जागी."

कुठे, हे मी विचारलं नाही.

दुपारी गावातली माणसं तिला घेऊन निघाली. बायका मयताबरोबर खाडीपर्यंत जात नाहीत, त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. मी त्यांच्या मागे, उंच फुटपाथवर, जणू वाटेने जाताना थबकले होते. तिरडी रस्त्यावर उतरली आणि थांबली. ट्रकांनी हॉर्न मारले. गावातला एक म्हातारा पुढे झाला. त्याने डोळ्यावर हात धरून मागे देवळाचा कळस पाहिला, पुढे खाडीपलीकडच्या डोंगराची खाच पाहिली. खाडीत जाळं टाकायची जागा ते लोक अशीच धरतात, दोन खुणा एका ओळीत आणून. तो दोन पावलं डावीकडे सरकला, पुन्हा पाहिलं आणि डिव्हायडरवर बोट रोखलं.

"हिथं. दगड हिथं व्हता."

चौघांनी तिरडी डिव्हायडरवर चढवायला घेतली. पुढचे दोघे वर, मागचे दोघे खाली. मावशी एका अंगाला कलली. बांबू सिमेंटला घासल्याचा आवाज आला. कोणीतरी धावत जाऊन तिचे पाय धरले. रस्ता झाल्यापासून रोज ती त्या भिंतीवरून चढली आणि आता मेल्यावरही तिला चढावं लागत होतं, आणि तेही नीट जमत नव्हतं. कडेला उभ्या बायकांमधली एक मोठ्याने ओरडली. एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून टोपी काढली. त्याच्या मागचे हॉर्नही हळूहळू थांबले. त्या रस्त्यावर शांतता मी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी तिला डिव्हायडरवर टेकवलं, खांदे बदलले, म्हाताऱ्याने एक खडा ठेवला आणि पलीकडच्या बाजूने तिला तसंच तिरपं उतरवलं.

मी घरी न जाता ऑफिसात गेले. खणातली चिठ्ठी काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. दुपारभर खरवडलेलं शीट, दगड, चार महिने, सगळं. साहेबांनी कपाटातून मूळ नकाशा काढला, त्याच्या शेजारी माझं स्वच्छ शीट ठेवलं आणि कोपऱ्यातल्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं.

"मी हे तपासलंय," म्हणाले. "दोन्ही कागद समोर ठेवून. वाट गेली हे मला दिसलं होतं. मला वाटलं, बरं झालं."

मला त्यांनी रागवायला हवं होतं. नाही रागावले. नोकरीही गेली नाही. ज्या भीतीपायी मी चिठ्ठी खणात ठेवली, ती भीतीच खोटी निघाली, याचा राग मला अजून येतो.

पुढच्या आठवड्यापासून साहेब आणि मी सकाळी त्या रस्त्यावर जाऊन उभे राहू लागलो. कागद नाही, स्केल नाही. नुसतं बघायचं, कोण कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे धावतं. शाळेतली मुलं डिव्हायडरवर चढण्याआधी एकमेकांचे हात धरायची. एक आजोबा रोज फुटपाथच्या कडेपर्यंत यायचे, पलीकडच्या बागेकडे बघायचे आणि परत जायचे. ते रस्ता ओलांडत नाहीत हे कळायला आम्हाला तीन दिवस लागले. साहेब म्हणाले, "आपण रस्त्याची लांबी काढली हो. रुंदीकडे बघितलंच नाही." त्यांनी हे मला नाही, स्वतःलाच सांगितलं.

मग मी त्या जागेचं नवं शीट काढलं. डिव्हायडर तोडून मधे चार माणसं निवांत उभी राहतील एवढी जागा. तिथला रस्ताच फुटपाथच्या उंचीला उचललेला, म्हणजे माणसाला उतरावं लागू नये, गाडीलाच चढावं लागावं आणि वेग आपोआप मरावा. दोन्ही बाजूंनी रस्ता जरा अरुंद केला, म्हणजे ओलांडायचं अंतर कमी. करंजाची झाडं, बसायला कट्टे, कोपऱ्यावर फेरीवाल्यांच्या चार हातगाड्या लागतील अशी जागा. जिथे माणसं बसलेली असतात तिथे ड्रायव्हर आपोआप पाय आवरतो, हे आम्ही उभं राहून शिकलो होतो. वरच्या ऑफिसात सुरुवातीला हसले. सरळ रस्त्यात कुबड कशाला, म्हणाले. गावातली माणसं दोनदा जाऊन बसली, साहेब चारदा गेले. काम व्हायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात बायका तशाच चढत राहिल्या आणि मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तिथे जाऊन उभी राहायची. मी उभी राहून काय होणार होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

झालं मात्र छान. खोटं कशाला बोलू. संध्याकाळी कट्ट्यांवर जागा मिळेनाशी झाली. मुलं सायकली घेऊन यायची, भेळवाला आला, गजरेवाली आली. ते आजोबा रोज पलीकडे जाऊन परत येऊ लागले, कधी कधी दोनदा. माणसं म्हणायची, काय जिवंत केलात हो हा रस्ता. मला तो शब्द ऐकवत नसे. मी त्या उचललेल्या जागेवरून कधी चालले नाही. सिग्नलपर्यंत जायची आणि फिरून यायची. पाय टेकवायचा धीरच व्हायचा नाही.

मावशीची टोपली आता तिची सून घेऊन यायची. अबोल बाई. आमच्याकडेही यायची, मासळी द्यायची, जायची. एका सकाळी मी कडेला उभी असताना ती खाडीकडून आली. गाड्या थांबल्या. ती मधल्या जागेत आली, टोपली खाली ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढून झटकली आणि श्वास घ्यायला थांबली. बरोब्बर तिथेच. देवळाचा कळस आणि डोंगराची खाच एका ओळीत. तिने मला पाहिलं आणि हात केला.

"ताई, टोपलीला हात लावा जरा. एकटीला उचलत नाय."

मला जावंच लागलं. पहिल्यांदा त्या जागेवर पाय ठेवला आणि तोंडातून आपोआप निघालं, "ही वाट मीच पुसली होती. तुमच्या सासूबाईंना मी खोटं सांगितलं."

तिने चुंबळ नीट गुंडाळली, डोक्यावर ठेवली. "ठावं हाय," ती म्हणाली. "सासूला पन ठावं व्हतं. तिनं विचारलं तवा तुमी त्या कागदावर नख घोटत बसलेला म्हने. घरी येऊन बोलली, बायच्या हातून झालंय, तिला टोचून बोलायचं नाय. तीच परत काढल."

मी टोपलीपाशी वाकले.

"आमी सांगून दमलो, सिग्नलकडनं जात जा. तर बोलायची, आज नाय तं उद्या बाय वाट काढतेच हाय, आता कशाला चाल मोडू." तिने टोपलीच्या कडेला हात घातला. "चला, लावा हात."

मी टोपलीची दुसरी कड धरली. ओली होती आणि जड होती. आम्ही दोघींनी मिळून ती तिच्या डोक्यावर चढवली. एक ट्रक थांबून वाट बघत होता. ती त्याच्यासमोरून हळूहळू, अजिबात घाई न करता गावाकडे गेली. मी तिथेच उभी होते आणि माझ्या अंगठ्याचं नख टोपलीच्या पाण्याने ओलं झालेलं होतं.